सेतूचं दुसरं दहन

कुंभकोणात बर्फाचा कारखाना निघाला त्याला आता काही वर्षं झाली, पण मी कधी त्या बाजूला फिरकलो नव्हतो. स्टेशनच्या पलीकडे, भाताच्या गिरणीला लागून, पत्र्याची एक लांब शेड आहे. परवा भाचीच्या लग्नात सोड्याच्या बाटल्या गार करायला बर्फ हवा होता, म्हणून मेहुण्यांनी मला तिकडे पिटाळलं. ऊन असं होतं की वहाणांच्या तळातून चटके बसत होते. तिथल्या माणसाने एक जाड लाकडी दार ओढलं आणि "उळ्ळे वांग, सार" म्हणत मला आत घेतलं. दारातून पांढरी वाफ सरपटत माझ्या पायांवर आली.

आत अंधार होता. भाताच्या तुसात एकावर एक रचलेल्या लाद्या, ओल्या तुसाचा वास, आणि त्या वासाच्या खाली दुसरा एक वास. थंडीला स्वतःचा वास असतो, हे कुंभकोणात कोणाला सांगून पटायचं नाही. तो लोखंडासारखा असतो. नाकातून आत जातो आणि कपाळाच्या मागे जाऊन बसतो.

गारवा बाहेर जाऊ नये म्हणून त्या माणसाने माझ्यामागे दार लावून घेतलं. मी लाद्यांच्या रांगांकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या तोंडून एक नाव निघून गेलं.

"काय म्हणालात, सार?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "दोन लाद्या बाहेर काढ."

लग्नघरी कोणी विचारलं नाही, पण त्या दिवशी मी जेवलो नाही.

सेतुमाधव आमच्या गल्लीतल्या नारायणरावांचा एकुलता एक मुलगा. तंजावरच्या राजांच्या वेळी इकडे आलेल्या मराठी घरांची ती एक लहानशी ओळ होती. राज्य खालसा होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. कोणी कचेरीत होतं, कोणी शाळेत शिकवत होतं, कोणी नुसतंच जुन्या गोष्टी सांगत ओट्यावर बसलेलं असायचं. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. पायरी उतरता उतरता आम्ही तोंडातली भाषा बदलत असू, वहाणा घालाव्यात तशी, आणि परत येताना तिथेच काढून ठेवत असू. आमची ती मराठी पुण्याकडच्या माणसाला ऐकवली तर तो हसतो. आजोबा बोलल्यासारखं वाटतं म्हणतो. मी हे लिहितो आहे ते पुस्तकांतून शिकलेल्या मराठीत. पण सेतू आणि त्याच्या घरची माणसं माझ्या कानात बोलतात ती आमच्याच मराठीत, आणि ती मी बदलणार नाही.

मद्रासच्या ज्या कॉलेजात आम्ही शिकत होतो, त्याचं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाशी ठरलं होतं की त्यांचे दोन विद्यार्थी इकडे येऊन राहतील आणि आमचे दोन तिकडे जातील. आम्हा दोघांचीच नावं कशी लागली, समुद्र ओलांडायला घरच्यांनी होकार कसा दिला, हे सगळं आता माझ्यापुरतं पुसलं गेलं आहे. राहिले आहेत ते वास. सेतूची आई, जिला मी मामी म्हणत असे, ती निघण्याआधीचे कितीतरी दिवस डाळ भाजून पूड करत होती. मिरच्यांचा खाट गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि येणारी जाणारी माणसं शिंकत म्हणायची, सेतू निघाला वाटतं. तिळाच्या तेलाचा डबा, केळीच्या सोपटात बांधलेली विड्याची पानं, जी मुंबईला पोचायच्या आतच पिवळी पडली.

आणि निघतानाचं एक दृश्य. नारायणराव मामा थिण्ण्यावर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, रस्त्याकडे पाठ करून बसले होते. त्यांना हे जाणं मान्य नव्हतं, आणि ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. सेतूने त्यांच्या पाठीला नमस्कार केला. मग गाडीत चढताना मला म्हणाला, "पाठ तरी दिली. पुष्कळ झालें." आणि हसला. मामी दारातच उभी होती. ती म्हणाली, "जातोस तर जा. पण जेवल्यावांचून राहूं नको."

आम्ही पोचलो ते भर हिवाळ्यात. महायुद्ध संपलं होतं, इन्फ्लुएंझाही संपला असं सगळे म्हणत होते. आमच्या गावात त्या तापाने आधीच हात फिरवला होता. मी त्यातून उठलो, माझी थोरली बहीण उठली नाही. सेतू तेव्हा आजोळी होता आणि त्याला काहीच झालं नव्हतं. हे नशीब म्हणून आम्ही मोजत होतो.

ते गाव उत्तरेकडच्या सपाट मुलखात, एका मोठ्या तळ्याच्या काठी होतं. तळं गोठलेलं होतं आणि त्याच्यावरून घोडे, गाड्या, माणसं जात होती. पहिल्या सकाळी सेतूने खिडकीची काच घासून बाहेर पाहिलं आणि मला हाक मारली. "अरे, हें पाहिलेंस? आकाशानें पीठ चाळिलें." मी पाहिलं. मला त्यात सुंदर काही दिसलं नाही. मला आवाज ऐकू येत नव्हता. आमच्याकडे आकाशातून जे येतं ते गाजत येतं, पत्र्यावर, कौलांवर, केळीच्या पानांवर. हे उतरत होतं आणि कानाला काहीच कळत नव्हतं. घागरीचा आवाज नाही, देवळातलं नागस्वर नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही. गाव झोपेत मरून पडल्यासारखं.

खोली मिळायला वेळ लागला. दारावर "खोली भाड्याने" अशी पाटी असलेल्या घरांतल्या खोल्या आम्ही पायरी चढेपर्यंत भरून गेलेल्या असायच्या. माणसं उद्धट नव्हती. दार थोडंसं उघडायचं, आतली ऊब क्षणभर तोंडावर यायची, आणि "फार वाईट वाटतं" असं म्हणून ते दार हळूच लागायचं. शेवटी मिसेस लुंड नावाच्या एका विधवेने आम्हाला ठेवून घेतलं. ती उंच, हाडकुळी, नॉर्वेहून लहानपणी आलेली होती आणि इंग्रजी बोलताना प्रत्येक वाक्य शेवटी वर उचलायची. सेतूला नकला करायची सवय होती. तिसऱ्याच दिवशी तो हुबेहूब तिच्यासारखं बोलू लागला आणि एकदा ती जिन्यात उभी राहून ऐकत होती. आम्ही घाबरलो. ती म्हणाली, "माझी बहीण अगदी असंच बोलायची," आणि खाली निघून गेली.

त्या घराला डुकराच्या चरबीचा, कोळशाचा, उकडलेल्या कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. तो कपड्यांत शिरला, मग केसांत, मग पुस्तकांत. माडीवरच्या आमच्या खोलीचं छप्पर इतकं उतरतं होतं की सेतूला भिंतीजवळ वाकावं लागे. रोज सकाळी अंघोळीला पाणी मागितलं तेव्हा मिसेस लुंडने आम्हाला काही रोग आहे का असं विचारलं. तिथे शनिवारी अंघोळ. आम्ही पितळी तांब्यात पाणी तापवून, दारं लावून, कुडकुडत अंगावर घ्यायचो आणि सांडलेलं पाणी टॉवेलने पुसून काढायचो. जेवायला ब्रेड, दूध, उकडलेले बटाटे. त्यांवर मामीची पूड. ती पूड उघडली की सेतू डोळे मिटून नुसता वास घ्यायचा आणि झाकण लावायचा. "सणाला खाऊं," म्हणायचा. कुठला सण, ते त्याने सांगितलं नाही.

गावातल्या न्हाव्याने आम्हाला खुर्चीत बसू दिलं नाही. वर्गात आमच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहायच्या. पण हेही खरं की एका रविवारी चर्चमधल्या बायकांनी आम्हाला बोलावून भारताबद्दल दोन शब्द बोलायला सांगितले. मी आखडून बसलो. सेतू फेटा बांधून उभा राहिला आणि बोलू लागला. त्याने सांगितलं, आमच्या गावात एक मोठा तलाव आहे आणि बारा वर्षांतून एकदा देशातल्या साऱ्या नद्या जमिनीखालून त्यात येतात, लाखो लोक त्या दिवशी तिथे स्नान करतात. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मग त्याने सांगितलं, आमच्या घरी रोज सकाळी हत्ती दूध घेऊन येतो. ते सगळ्यांनी खरं मानलं. एका म्हातारीने हत्तीचं नाव विचारलं. "कोपालन," सेतू गंभीरपणे म्हणाला. ते आमच्या दूधवाल्याचं नाव होतं.

परत येताना गोठलेल्या तळ्यावरून चालत आम्ही पोट धरून हसलो. वारा असा होता की डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर कडक व्हायचं. त्या पहिल्या आठवड्यांतलं ते आमचं एकच मोठं हसू.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताप परत आला. गावात आला, विद्यापीठात आला. वर्ग बंद झाले. चर्च बंद झालं. माणसं तोंडाला पांढरी फडकी बांधून भिंतीच्या कडेकडेने जाऊ लागली. एका दुपारी सेतू बाहेरून आला, कोट न काढता पलंगावर बसला आणि म्हणाला, "अंगांत कोणी दगड भरले असें वाटतें." मी त्याच्या कपाळाला हात लावला आणि मला आमच्या घरातली ती खोली आठवली, जिथे मी आणि माझी बहीण शेजारी शेजारी पडलो होतो.

विद्यार्थ्यांचं इस्पितळ भरून गेलं होतं, पडव्यांतही खाटा टाकल्या होत्या. डॉक्टर दाराशी येऊन गेला. "पाणी पाजत राहा, ऊब द्या," म्हणाला, आणि दुसऱ्या घराकडे गेला. मिसेस लुंड वर आली नाही. तिच्या घरात एक आंधळा दीर होता, त्याला जपायला हवं होतं. ती जिन्याच्या पायऱ्यांवर गरम दूध आणि कोळशाची बादली ठेवायची, लाकडी चमच्याने कठड्यावर दोनदा वाजवायची आणि खालून विचारायची, "श्वास घेतोय?" मी म्हणायचो, "हो." ती म्हणायची, "मग घेऊ दे."

मला हा ताप होऊन गेला होता, म्हणून मला भीती नव्हती. मी त्याच्याजवळ बसून होतो. त्याचे ओठ आणि नखं हळूहळू निळसर होत गेली. श्वासात बुडबुड्यांसारखा आवाज येऊ लागला. काचेवर बर्फाची पानं उमटली होती, नेच्यासारखी, आणि त्यातून येणारा उजेड दिवसभर एकाच रंगाचा होता.

मग तो बोलू लागला. तमिळमध्ये बोलत होता. विड्याची पानं घेत होता, बाईशी भावावरून हुज्जत घालत होता, पानं शिळी आहेत म्हणत होता. मग गाडीवाल्याला म्हणाला, चक्रपाणीच्या देवळापाशी थांब. मग कोणाला तरी म्हणाला, बाजूला हो, पालखी येते आहे. मी ऐकत होतो आणि मला कळत होतं की तो गावात आहे, पण घराबाहेर आहे. रस्त्यावर आहे. मला त्यात एक वेडी आशा वाटत होती. तो असाच हिंडत राहो, कुंभकोणच्या सगळ्या पेठांतून हिंडत राहो, तिरुनागेश्वरमपर्यंत चालत जाओ, नुसता हिंडत राहो.

सकाळी, कोळसा घालायला मी उठलो असताना, माझ्या पाठीमागे तो अगदी स्वच्छ आवाजात बोलला. मराठीत बोलला.

"अक्का, कवाड उघड."

तो आईला अक्का म्हणत असे. मी वळलो नाही. मला वाटतं, मला आधीच समजलं होतं. भाषा बदलली होती. पायरीवर वहाणा काढून झाल्या होत्या. मी कोळशाचं फावडं खाली ठेवलं आणि मग वळलो.

कठड्यावर चमचा वाजला. "श्वास घेतोय?" मिसेस लुंडने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. इतके दिवस जी वर आली नव्हती ती वर आली, दारात उभी राहिली, आणि तोंडाचं फडकं तिने खाली ओढलं.

मी त्याच दिवशी तार केली. तारेत चार शब्द असतात, ते मी कसे निवडले ते आठवत नाही.

संध्याकाळच्या आत दोन माणसं आली आणि त्यांनी त्याला पेटीत घालून झाकण पक्कं केलं. तापाने गेलेल्यांची पेटी पुन्हा उघडायची नाही असा तिथला नियम होता. मला त्याला अंघोळ घालता आली नाही. तोंडात पाणी घालता आलं नाही. विद्यापीठाचे डीन आमच्या खोलीत आले. वयस्क, सभ्य, हातातली टोपी सारखी फिरवणारे. ते म्हणाले, "तो आमचा पाहुणा होता. आम्ही त्याला आमच्या माणसांमध्ये जागा देऊ. पण वसंत ऋतूपर्यंत थांबावं लागेल."

"का?" मी विचारलं.

"जमीन गोठली आहे. कुदळ लागत नाही."

"आमच्याकडे थांबत नाहीत, सर. आमच्याकडे त्याच दिवशी, आणि आमच्याकडे जाळतात."

त्यांच्या हातातली टोपी फिरायची थांबली. मग म्हणाले की दहनाची सोय मोठ्या शहरात आहे, आगगाडीचा दिवसभराचा प्रवास आहे, आणि वादळामुळे गाड्या बंद आहेत. ते परवानगी मिळवायचा प्रयत्न करतील.

तोवर त्याला गावाच्या कब्रस्तानातल्या दगडी घरात ठेवलं. टेकडीच्या पोटात बांधलेली ती एक खोली होती. लोखंडी दार, आत फळ्या, आणि फळ्यांवर पेट्या. हिवाळ्यात गेलेली सगळी माणसं जमीन मऊ होण्याची वाट बघत तिथे पडून होती. मिसेस लुंडने मला सांगितलं, "माझा नवराही तिथे होता. डिसेंबर ते एप्रिल. मी रविवारी जायचे. काही वाईट जागा नाही ती, शांत आहे." तिने ते माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं.

मी रोज जायचो. राखणदाराने एकदा मला आत जाऊ दिलं. तो लोखंडी वास मी तिथे पहिल्यांदा घेतला. सेतूची पेटी डावीकडे, खालून दुसऱ्या फळीवर होती. त्याच्या वर एका लहान मुलाची पेटी होती. मला उभं राहवेना आणि निघवेना. मी आमच्या मराठीत त्याला सांगितलं की गाडी सुरू झाली की लगेच निघू. एखाद्याला स्टेशनावर बसवून ठेवलं असताना सांगावं, तसं.

वादळ शमलं. डीननी परवानगी आणली. सामानाच्या डब्यात पेटी चढवण्याआधी फलाटावर मी पितळी तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं. अंघोळ म्हणून. ते झाकणावरून वाहिलं आणि कडेला पोचायच्या आत गोठलं. फलाटावरचे हमाल बघत होते, पण कोणी हसलं नाही. गार्डने मला डब्यात पेटीजवळ बसू दिलं. बाहेर दिवसभर पांढरं, नुसतं पांढरं. मध्येच एखादं लाल कोठार.

शहरातली ती जागा विटांची, उंच धुराड्याची होती. आतल्या माणसाने लोखंडी दार उघडून मला विचारलं, "तुमची काही प्रार्थना असेल तर म्हणा." मला काही येत नव्हतं. ज्याचे आईवडील जिवंत आहेत त्याला आमच्यात ते मंत्र कोणी शिकवत नाही. घरात त्यांचा उच्चारही होत नाही. मी संध्येतलं काही म्हणू लागलो आणि मध्येच विसरलो. शेवटी मी विठ्ठलाचं नाव घेतलं. गोविंदपुरमच्या देवळात आम्ही लहानपणी भजनाला बसायचो, तिथे टाळ कुटताना घेतात तसं, पण टाळांशिवाय. त्या विटांच्या खोलीत माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो माणूस टोपी काढून उभा राहिला. मग दार लागलं. धूर दिसला नाही, ज्वाळा दिसली नाही. आमच्याकडे माणूस जाताना दिसतो.

त्यांनी मला एक पत्र्याचा डबा दिला, झाकण घट्ट बसणारा. मी तो मांडीवर घेऊन परत आलो.

पुढचा काळ सांगण्यासारखा नाही. मी तिथे राहिलो, शिकलो, परीक्षा दिल्या. बर्फ वितळला, तळ्याला पाणी आलं, माझ्या शेजारच्या बाकावर कोणी कोणी बसू लागलं. डबा खोलीतल्या फळीवर होता. मिसेस लुंड झाडायला यायची तेव्हा त्या फळीपाशी तिची पावलं हळू पडायची. मामीची पूड मी कधी खाल्ली नाही. ती एक दिवस बुरसली, तेव्हा मी ती तळ्यात सोडून दिली.

दोन हिवाळे गेल्यावर मी कुंभकोणला परतलो. घरच्यांनी माझं प्रायश्चित्त उरकलं, आणि त्यानंतरच्या संध्याकाळी मी डबा घेऊन सेतूच्या घरी गेलो. मामा थिण्ण्यावर होते. फार वाळले होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यात काय आहे ते सांगितलं.

त्यांनी डब्याकडे पाहिलं नाही. "तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशीं मीं पालाशविधि केला," ते म्हणाले. "दर्भाचा पुतळा केला, पळसाचीं पानें लाविलीं, कावेरीकांठीं अग्नि दिला. अस्थि सोडिल्या. दहावा, बारावा, सारें यथासांग झालें. आमचें सूतक फिटलें."

मी मनात हिशेब केला. इकडे नदीकाठी त्याचं दहन होत होतं तेव्हा तो तिकडे दगडी घरात, डावीकडच्या फळीवर पडून होता.

"मामा, पण हा सेतू आहे."

"एका माणसास दोनदां जाळीत नाहींत," ते म्हणाले. "हें मीं घेतलें तर तें काय होतें? मीं कोणास अग्नि दिला? सांग. गवतास?"

मी डबा पुन्हा उचलला. त्यांनी मला आत बोलावलं नाही. दारामागे मामीच्या बांगड्या वाजल्याचं मला ऐकू आलं, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "तर मग उद्या पहाटे मीच घाटावर जाऊन सोडतो."

कावेरीला त्या दिवसांत बेताचंच पाणी होतं. मी घाटावर पोचलो तेव्हा मामी आधीच खालच्या पायरीवर उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेला.

"डबा मज दे," ती म्हणाली.

"मामी, मामांना..."

"त्यांस विचारून मी आलें नाहीं."

बायका हे काम करत नाहीत. तिने केलं. कमरेएवढ्या पाण्यात गेली, झाकण उघडलं, आत हात घातला आणि थोडा वेळ हात तसाच आत ठेवला. मग मुठीमुठीने सोडू लागली, घाई न करता, जसं परसात पाखरांना दाणे टाकावेत. मी तिच्याजवळ पाण्यात उभा होतो.

"शेवटीं जेवला होता?" तिने विचारलं.

"दूध घेतलं होतं. त्या घरच्या बाईने दिलेलं."

"बाई बरी होती?"

"बरी होती."

तिने मान हलवली. "शेवटीं कांहीं बोलला?"

मी इतके महिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. "म्हणाला, अक्का, कवाड उघड."

तिचा हात डब्यात थांबला. ती पाण्याकडे बघत होती. तशीच म्हणाली, "उघडेंच होतें रे. तो गेल्यापासून मीं तें लाविलें कोठें?"

मग तिने डबा पाण्यात बुडवून धुतला, आतून, बाहेरून, वाळू लावून, आणि प्रवाहात सोडून दिला. तीन बुड्या घेतल्या. मीही घेतल्या. आम्ही वळलो.

वरच्या पायरीवर नारायणराव मामा उभे होते. किती वेळ उभे होते ते ठाऊक नाही. पंचा अंगाला चिकटलेला, पांढऱ्या केसांतून पाणी गळत होतं. घाटाच्या वरच्या अंगाला, आमच्या नजरेआड, त्यांनी स्नान केलं होतं. माणूस गेल्याचं स्नान. ज्यांचं सूतक फिटलं आहे त्यांनी ते करायचं काही कारण नसतं.

मामी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मग मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी आल्यापासून त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

"ओला आहेस," ते म्हणाले. "घरीं चल. जेवून जा."

गल्ली जागी झाली होती. थिण्ण्यांवर माणसं बसली होती, बायका दारांपुढे रांगोळ्या घालत होत्या. त्या सगळ्यांच्या देखत आम्ही तसेच, अंगावरून पाणी निथळत, चालत गेलो. पुढे मामा, मागे मामी, आणि मध्ये मी.